ज्युनियर्सना बायो शिकवायचंय? पहिल्यांदाच पीअर ट्यूटर होणाऱ्यांसाठी

मॅडमनी डिपार्टमेंटमध्ये बोलावून सांगितलं असेल की एफवायची पाच-सहा मुलं आहेत, आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन बस, तर त्या वेळी भारी वाटतं आणि घरी येईपर्यंत पोटात गोळा येतो की आपल्याला जमेल का, आपण काय सर आहोत का. मी एसवायला असताना हे सुरू केलं, टीवायचं पूर्ण वर्ष केलं, आता एमएस्सीला आहे तरी शनिवारी जाते. आमचं तालुक्याचं कॉलेज, बॉटनी-झूलॉजी-केमिस्ट्रीवाली मुलं, बरीचशी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, निम्मी एसटीने येणारी. खालचं सगळं त्या अनुभवातलं आहे, मोठ्या शहरातल्या कॉलेजात थोडं इकडेतिकडे होईल, पण पोरं जिथे अडकतात त्या जागा सगळीकडे त्याच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण मला ती कळायला दीड महिना गेला. सर शिकवतातच, तेच लेक्चर परत आपल्या तोंडून ऐकून पोरांचं काही भलं होत नाही. मी सुरुवातीला घरी तयारी करून जायचे, फळा भरून लिहायचे, सगळी माना हलवायची आणि टेस्टमध्ये परत तेच मार्क. वर्गात सत्तर-ऐंशी जण असतात, सरांना प्रत्येकाच्या वहीत डोकावता येत नाही, तुमच्यासमोर चारच जण बसतात आणि तुम्हाला प्रत्येकाचं पेन दिसतं, ते कुठे थांबलं, कुठे भलतीकडे वळलं ते दिसतं. ते बघायचं. तुम्ही कमी बोलायचं आणि त्यांनी जास्त बोलायचं, जास्त काढायचं, हे एकदा जमलं की बाकीचं आपोआप जमत जातं.

बसायच्या आधी ठरवायच्या गोष्टी

डिपार्टमेंटची परवानगी तोंडी असली तरी चालेल पण घ्या, कारण पुढे तुम्हाला परमनंट स्लाइड्स लागतील, मॉडेल्स लागतील, कधी प्रॅक्टिकलनंतर अर्धा तास लॅब उघडी लागेल, आणि हे सगळं लॅबवाल्या काकांच्या मर्जीवर असतं. काकांशी नीट बोला, वापरलेली स्लाइड पुसून जागेवर ठेवा, ते स्वतःहून मदत करतात.

वेळ ठरवताना मुलांना आधी विचारा की तुमची शेवटची बस कितीची. आमच्याकडे एका मुलीची गावची गाडी पावणेपाचला सुटायची, आणि मी पाच वाजताचा टाइम ठेवला होता, ती पहिले तीन वेळा आलीच नाही आणि मला वाटलं तिला गरज नाहीये. तिला सगळ्यात जास्त गरज होती. एका वेळी चार-पाचजणच ठेवा, पाऊण तास ते एक तास पुरे, त्यापुढे डोकं चालत नाही, त्यांचंही आणि आपलंही. लायब्ररीत बोलता येत नाही, कँटीनमध्ये ऐकू येत नाही, लेक्चर नसलेली रिकामी वर्गखोली सगळ्यात बरी.

आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की जर्नल मी लिहून देणार नाही, डायग्राम काढून देणार नाही, आणि आयएमपी प्रश्न मला माहीत नसतात. हे हसून सांगा पण सांगा. नाहीतर सबमिशनच्या आठवड्यात तुमच्या टेबलावर सहा जर्नल्स येऊन पडतील आणि नाही म्हणताना तुमचाच जीव वर-खाली होईल.

पहिली भेट: पुस्तक उघडायचं नाही

पहिल्या दिवशी सिलॅबस विचारू नका, मार्क तर अजिबात विचारू नका. नाव, गाव, बारावीला कोणता भाग आवडला होता, एवढं झालं की मी चार साधे प्रश्न विचारते. प्रत्येकाने आपल्या कागदावर दोन ओळी लिहायच्या, मराठीत लिहिलं तरी चालेल, चुकलं तरी चालेल, कागद मी कुणाला दाखवणार नाही असं सांगते आणि खरंच दाखवत नाही.

पहिला प्रश्न, आंब्याची कोय लावली, वीस वर्षांनी मोठं झाड झालं, एवढं लाकूड आलं कुठून? दहातले सात-आठजण मातीतून असंच लिहितात, खत आणि मूलद्रव्यं लिहितात. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण त्यांना पाठ असतं, बारावीत मार्कही मिळालेले असतात, पण ते समीकरण आणि समोरचं झाड यांची गाठ पडलेली नसते. मग मी त्यांना व्हॅन हेल्माँटचा प्रयोग सांगते, त्याने कुंडीत विलोचं रोप पाच वर्षं वाढवलं, फक्त पाणी घातलं, रोपाचं वजन सुमारे सव्वादोन किलोवरून ७५ किलोच्या पुढे गेलं आणि कोरडी माती घटली जेमतेम ५०-६० ग्रॅम. हे १६४८ मध्ये छापून आलं. आता गंमत अशी की तोसुद्धा चुकला, त्याला वाटलं सगळं वजन पाण्याचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबातच नव्हता. पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा मोकळा होतो, एवढा मोठा माणूस चुकला तर आपण चुकलो म्हणून काय झालं.

दुसरा प्रश्न, रोहिणी आणि नीला यांत फरक काय? इथे आपली मराठीच आडवी येते, नीला म्हटलं की निळं रक्त, म्हणजे घाण रक्त, आणि रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त असं पक्कं बसलेलं असतं. मग पल्मनरी आर्टरी आली की गाडी रुळावरून उतरते, कारण ती हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. रक्ताचा रंग विसरायला लावा, दिशा धरायला लावा, हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. आणि रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी असला की गडद लाल असतं, हातावरच्या शिरा कातडीखालून निळसर दिसतात तेवढंच.

तिसरा, अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा, परत घ्यायचं, असं सारखं केलं तर पुढे औषध लागू का पडत नाही? उत्तर येतं, शरीराला सवय होते. शरीराला नाही, त्यातले जे बॅक्टेरिया औषधाला दाद देत नव्हते तेच मागे उरतात आणि तेच वाढतात. हा एक प्रश्न नीट सुटला की नॅचरल सिलेक्शन, म्हणजे नैसर्गिक निवड, निम्मं समजलं असं समजा, कारण जिराफाला गरज होती म्हणून मान वाढली ही चूक आणि ही चूक एकाच मुळाची आहे.

चौथा, त्वचेच्या पेशीतला डीएनए आणि मेंदूच्या पेशीतला डीएनए सारखा का वेगळा? बहुतेकांना वाटतं त्वचेच्या पेशीत त्वचेचेच जीन्स असतात. डीएनए तोच, कुठले जीन्स चालू आणि कुठले बंद ते वेगळं.

हे कागद घरी जाऊन शांतपणे वाचा. पुढच्या दोन महिन्यांचं टाइमटेबल त्यात असतं.

एक सांगायचं राहिलं, या गप्पांमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं की पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, आजी सांगते. आजीला खोटं पाडू नका. उजेड नसेल तर प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन तयारच होत नाही, मग झाड कुठलंही असो, एवढं सांगा आणि झाडं श्वसन मात्र दिवसरात्र करतात हे जोडून द्या, कारण झाडं फक्त रात्री श्वसन करतात हा समज तर चांगले मार्क पडणाऱ्या मुलांचाही असतो.

इंग्लिशची भिंत

मला मनापासून वाटतं की आपल्याकडे बायो कच्चं असलेली मुलं कमी आहेत आणि इंग्लिशला घाबरलेली जास्त. अकरावीला एकदम सगळं इंग्लिश होतं, मुलं घाबरून पाठांतराला लागतात, आणि पाठांतरावर बारावी निघतेसुद्धा. एफवायला ते संपतं.

मी काय करते, तर दहावीचं बालभारतीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ फोनमध्ये ठेवते, पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते. त्यात सूत्री विभाजन आहे, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, हे शब्द मुलांना झोपेतही येतात. ते पान उघडून शेजारी प्रोफेज, मेटाफेज, अॅनाफेज, टेलोफेज लिहायला सांगितलं की त्यांच्या लक्षात येतं, अरे हे तर आपल्याला येतं. हा क्षण फार महत्त्वाचा आहे, पुढे मुलं जरा ताठ बसतात.

दुसरं म्हणजे शब्द फोडायला शिकवा. लायसिस म्हणजे तुटणं, सुटणं, मग ग्लायकोलिसिस, हायड्रोलिसिस, लायसोसोम हे तिन्ही एका दमात निघतात. सायटो म्हणजे पेशी, होमो म्हणजे सारखा, हेटेरो म्हणजे वेगळा, एक्सो बाहेर, एंडो आत. अशा पंचवीस-तीस तुकड्यांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून घ्या, तुम्ही लिहून देऊ नका, शब्द जसजसे येतील तशी त्यांनीच वाढवायची.

आणि उत्तर लिहिताना आधी मराठीत तोंडी सांगायचं, मग छोट्या छोट्या इंग्लिश वाक्यांत लिहायचं. एक मुलगी होती, एन्झाइम काय करतं याचं पाठ केलेलं पाच ओळींचं वाक्य ती दर वेळी तिसऱ्या ओळीत विसरायची आणि पुढे काहीच यायचं नाही. तिला विचारलं, तुझ्या भाषेत सांग. म्हणाली, ताई, रिअॅक्शन सुरू व्हायला जो जोर लागतो तो एन्झाइम कमी करतं. म्हटलं बरोबर, मग घाट आणि बोगदा आठव, खंबाटकीचा घाट चढून गेलीस काय आणि बोगद्यातून गेलीस काय, निघालीस ते गाव तेच आणि पोचलीस ते गावही तेच, फक्त चढ वाचला. ती पटकन म्हणाली, म्हणजे दोन्ही गावांच्या उंचीत जो फरक आहे तो बदलत नाही. हे मी सांगितलंच नव्हतं, सुरुवातीच्या आणि शेवटच्या पदार्थांच्या एनर्जीतला फरक एन्झाइम बदलत नाही हे तिने स्वतः काढलं. मग तिने तीन वाक्यं लिहिली, प्रत्येकी सहा-सात शब्दांची, व्याकरणाची एक चूक होती, ती मी तेवढीच सांगितली.

उदाहरणं घरातली घ्या पण ती कुठे लागू पडतात आणि कुठे नाही हेही सांगा. ऑस्मोसिसला स्वयंपाकघर पुरतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खाली पाणी साचतं, मनुका भिजत घातल्या की टम्म फुगतात. हे झाल्यावरच ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवून मायक्रोस्कोपखाली दाखवा, आतला जांभळा भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून सुटलेला दिसतो, आणि प्लाझ्मोलिसिस हा शब्द सगळ्यात शेवटी सांगा. आधी शब्द आणि मग गोष्ट असं केलं की शब्द तेवढा पाठ होतो. पाणी कुठून कुठे जातं हे विचारताना मात्र जिथे पाणी जास्त तिथून जिथे पाणी कमी तिथे, एवढ्यावर थांबू नका, मध्ये पडदा आहे आणि मीठ त्यातून सहज जात नाही हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

एक तास जवळून: मायोसिस आणि काडेपेटी

मायोसिसवर, म्हणजे क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनावर, जास्त लिहिते कारण एफवायला सगळ्यात जास्त पोरं इथेच बुडतात आणि पुढे जेनेटिक्स सगळं यावर उभं आहे.

सामान काय लागतं, एक काडेपेटी, छोटे रबरबँड, लाल आणि निळा स्केचपेन. काड्यांचे गुल आधी तोडून टाका, लॅबमध्ये स्पिरिट लॅम्प असतात. कागदावर मोठा गोल काढायचा, ती पेशी. दोन लांब काड्या, एक लाल एक निळी, दोन अर्ध्या तोडलेल्या काड्या, एक लाल एक निळी. लाल आईकडून आलेल्या, निळ्या वडिलांकडून. म्हणजे पेशीत चार क्रोमोसोम, टू एन (दोन्हीकडचे मिळून एकूण) बरोबर ४.

आता विचारा, विभाजनाच्या आधी डीएनएची कॉपी होते, करून दाखव. प्रत्येक काडीशेजारी तशीच दुसरी काडी ठेवून मध्ये रबर लावायचं. मग विचारा, आता क्रोमोसोम किती? आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा, हे दहा आकडे फार लांब वाटतात, तोंड उघडायचा मोह होतो, उघडू नका. मागच्या वर्षी एक मुलगा होता, तो काड्यांवर बोट ठेवत ठेवत मोजत होता, म्हणाला ताई आठ, मग शेजारची म्हणाली चार, दोघांचं जुंपलं. मी फक्त विचारलं, तुम्ही दोघं मोजताय काय? तो काड्या मोजत होता, ती रबरं. तिथून आमच्या ग्रुपचा नियम झाला, क्रोमोसोम विचारले की रबर मोजायचं, क्रोमॅटिड विचारले की काड्या. रबर म्हणजे सेंट्रोमिअर. हा नियम आता नवीन पोरंही एकमेकांना सांगतात.

पुढे मायोसिस वन. लांब लाल आणि लांब निळी जवळ येतात, जोडी लावतात, आणि मग जोडी सुटते, एक इकडे एक तिकडे. रबर सुटत नाही हे त्यांनी करताना दिसलं पाहिजे, बरीच पोरं इथेच रबर काढायला जातात, काढू द्या, मग विचारा की असं केलंस तर हे मायटोसिसपेक्षा (साध्या सूत्री विभाजनापेक्षा) वेगळं काय झालं. दोन पेशी झाल्या, प्रत्येकीत दोन रबरं. संख्या इथे निम्मी झाली. मायोसिस टू मध्ये रबर काढायचं, आता सुटी काडी म्हणजेच एक क्रोमोसोम, चार पेशी, प्रत्येकीत दोनच काड्या. क्रोमोसोम अर्धे होतात याचा अर्थ एकेक क्रोमोसोम मधून कापला जातो असं समजणारी मुलं असतात, हो, अगदी हुशार मुलं, कारण पुस्तकातल्या वाक्यातून तसंच वाटतं. काड्या हातात आल्या की तो समज आपोआप जातो.

आता सगळ्यात छान भाग. बहुतेक सगळे पहिल्यांदा दोन्ही लाल एका बाजूला आणि दोन्ही निळ्या दुसऱ्या बाजूला नेतात, नीटनेटकं दिसतं म्हणून. विचारा, लांब लाल आणि छोटी निळी एका पेशीत गेली तर चालेल का? मग त्यांच्या लक्षात येतं की चालेल, चार प्रकारची गॅमेट्स, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी, होऊ शकतात. तीन जोड्या असतील तर आठ, चार असतील तर सोळा, दर जोडीला दुप्पट. माणसात २३ जोड्या, करा गुणाकार मोबाईलवर, ८३ लाख ८८ हजार ६०८. एका माणसाकडून, आणि तेही क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोममधली तुकड्यांची अदलाबदल) धरलं नाही तर. त्या मुलाने, तोच आठ म्हणणारा, आकडा दोनदा करून बघितला आणि म्हणाला, म्हणून मी आणि माझा भाऊ एवढे वेगळे. दोन गुणांच्या संकराच्या तक्त्यात, म्हणजे पुनेट स्क्वेअरमध्ये, सोळा खाने का असतात हे त्या दिवशी मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तसंच दोन गुणांच्या संकराचं नऊ-तीन-तीन-एक हे प्रमाण पाठ करून घेऊ नका, आधी दोन नाणी उडवायला द्या. दोन्ही छापा, एक छापा एक काटा, दोन्ही काटा, वीस वेळा उडवून वहीत खुणा करायच्या. नेमकं पाच-दहा-पाच क्वचितच येतं, मुलं हिरमुसतात, मग मेंडेलचे आकडे दाखवा, वाटाण्याच्या गोल बिया ५४७४ आणि सुरकुतलेल्या १८५०, भागाकार केला तर २.९६. मेंडेलला पण नेमकं तीनास एक आलं नव्हतं, सात हजारांवर बिया मोजल्या म्हणून एवढं जवळ आलं.

उत्तर माहीत नसेल तेव्हा

येणारच ही वेळ. सरळ म्हणा, मला आत्ता येत नाहीये, बघून गुरुवारी सांगते, आणि गुरुवारी खरंच सांगा, विसरलात तर पोरांचा विश्वास उडतो आणि तो परत येत नाही. अंदाजाने काहीतरी सांगून वेळ मारून नेली तर ते चुकीचं उत्तर चार वह्यांत जातं आणि तिथून पुढच्या वर्षीच्या झेरॉक्समध्ये.

एक ठरलेली अडचण सांगून ठेवते. एका ग्लुकोजपासून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, किती? जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८, नव्या पुस्तकांत ३० किंवा ३२. फरक का, तर ग्लुकोज तुटताना ऊर्जा वाहून नेणारे जे रेणू तयार होतात त्यातल्या एका एनएडीएचचे आधी ३ आणि एफएडीएचटूचे २ एटीपी धरायचे, आता अडीच आणि दीड धरतात. पोरांना दोन्ही सांगा, आणि परीक्षेत कोणता आकडा लिहायचा ते तुमच्या पेपरच्या सरांना विचारून एकदाच पक्कं करा. सरांचं चुकलंय असं ग्रुपमध्ये बोलू नका, काही शंका असली तर आपण एकटं जाऊन विचारायचं, बहुतेक वेळा सर खूश होतात.

श्वसनातला शेवटचा टप्पा, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन, शिकवताना सायटोक्रोम सी हे प्रथिन आलं की मी कमला सोहोनींचं नाव घेतेच. दुर्गा भागवतांची बहीण, केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी झाल्या, वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. बाई म्हणून बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळवायलाच त्यांना झगडावं लागलं होतं. दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण मुली ऐकतात तेव्हा त्यांच्याकडे बघा.

प्रॅक्टिकल

थिअरीपेक्षा इथे तुमचा उपयोग जास्त, कारण एका बॅचला एक सर आणि मायक्रोस्कोप दोघांत एक. मायक्रोस्कोपचं आधी, दहाच्या लेन्सवर फोकस करायचं, मग चाळीसवर जायचं आणि तिथे मोठा स्क्रू हलवायचा नाही, फक्त बारीक. मोठा फिरवला की स्लाइड फुटते आणि लेन्सला चरा जातो. एकूण मोठं किती दिसतंय, तर आयपीस दहा गुणिले ऑब्जेक्टिव्ह चाळीस, चारशे पट, हे व्हायव्हात विचारतातच.

कांद्याच्या मुळाचा प्रयोग घरी तयार करून आणायला सांगा. कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून काढायची, ग्लासच्या तोंडावर असा बसवायचा की तळ नुसता पाण्याला टेकेल, तीन-चार दिवसांत पांढरी मुळं येतात. मुळं कापून, आम्ल आणि अॅसिटोकार्मिन या रंगातून काढून स्क्वॅश करायचं, ते लॅबमध्ये, काका किंवा मॅडम असतानाच. इथे दोनच गोष्टी चुकतात. एक, पोरं टोकाऐवजी वरचा लांब भाग घेतात, त्यात विभाजन होतच नाही, रंग दिल्यावर टोकाचे दोन-तीन मिलिमीटर जास्त गडद होतात, तेवढंच घ्यायचं, बाकी टाकून द्यायचं. दोन, दाबायला घाबरतात. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, बाजूला सरकवायचं नाही, सरकलं की पेशी गुंडाळल्या जातात.

आणि स्लाइड लागल्यावर पोरं म्हणतात ताई काहीच दिसत नाहीये, कारण त्यांना पुस्तकासारखी एका रांगेत मेटाफेज हवी असते. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच असतात, नुसते गोल ठिपके. शंभर पेशी मोजायला लावा, त्यातल्या विभाजनाच्या किती ते लिहायला लावा, म्हणजे मायटोटिक इंडेक्स काय ते आपसूक कळतं आणि पेशी आपला बहुतेक वेळ इंटरफेजमध्ये घालवते हेही. कांद्यात टू एन १६, पण सोळा सुटे सुटे मोजता आले तर नशीब समजायचं. डायग्राम दिसतंय तेच काढायचं. पुस्तकातलं काढलं की मॅडमना लगेच कळतं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी मॉक व्हायव्हा घ्या, पण प्रश्न तुम्ही विचारू नका, एकाने दुसऱ्याला विचारायचे. जो प्रश्न काढतो त्याचाच अभ्यास जास्त होतो.

जो गप्प बसतो तो

प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण असतो जो सगळ्याला हो म्हणतो. कळलं का, हो. काही शंका, नाही. म्हणून कळलं का हा प्रश्नच बंद करा, त्याऐवजी म्हणा, आता हे तू हिला समजावून सांग. सगळ्यांसमोर लाजत असेल तर निघताना दोन मिनिटं थांबवून विचारा.

कधी कधी अडचण बायोची नसतेच. केटी लागलेली घरी सांगितलेली नसते, फी भरायची राहिलेली असते, कुणाचं घरी काही चाललेलं असतं. ऐकून घ्या, उपदेश करू नका, आणि त्याने सांगितलेलं ग्रुपमध्ये फिरवू नका. पण कुणी जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर ते स्वतःपाशी ठेवायचं नाही, त्याच दिवशी विश्वासातल्या मॅडमना किंवा कॉलेजच्या कौन्सेलरना सांगायचं, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून द्यायचा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

व्हॉट्सअॅप ग्रुप करा पण रात्री दहानंतर उत्तर देणार नाही हे सांगून ठेवा. तुमची पण परीक्षा असते, तुमच्या सबमिशनच्या आठवड्यात सुट्टी घ्या आणि तसं आधी कळवा.

वही

एक साधी शंभर पानी वही करा. प्रत्येक तासानंतर बसस्टॉपवर उभ्या उभ्या तीन ओळी लिहायच्या, आज कोण कुठे अडलं, कशाने सुटलं, काय जमलं नाही. नावं लिहू नका. माझ्या वहीत काडेपेटीची आयडिया अकराव्या पानावर आहे, त्याच्या आधीच्या दोन पानांवर चपलांच्या जोड्या वापरून बघितलेलं लिहिलंय, ते जमलं नव्हतं कारण चपलेची कॉपी कुठून आणणार. टीवाय संपताना ही वही पुढच्या ट्यूटरला द्यायची. मी दिली तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा मागची पानं उघडली, जिथे फक्त प्रश्न लिहिलेत आणि उत्तरं नाहीत, अजून मला ज्यांची सोपी उत्तरं सापडली नाहीत असे. पहिला होता, डीएनएच्या एका धाग्यावर सलग कॉपी होते आणि दुसऱ्यावर तुकड्या-तुकड्याने, हे कागदाशिवाय कसं दाखवायचं. गेल्या शनिवारी त्याने दोन चेन आणल्या होत्या, पँटच्या, टेलरकडून.